तुमची गाडी कोणती आणि तीच का घेतली? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

धाकट्या भावाला पहिली गाडी घ्यायचीय. शोरूममध्ये सगळीकडं तेच तेच सांगतात, म्हणून म्हटलं आपल्याच गावातल्यांना विचारावं. कोणासाठी घेतली, रोज कुठं जाते, काय बघून पैसे दिले, ते लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही जुळे सोलापूरला, गाडी वॅगन आर सीएनजी. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत, बुटक्या गाडीतून त्यांना उतरवायचं म्हणजे दोघांनी हात धरून ओढायला लागायचं. हिची सीट खुर्चीएवढी उंच, त्या आधी टेकतात, मग पाय आत घेतात, झालं. दर पौर्णिमेला तुळजापूर असतं, जाऊन येऊन 90 किलोमीटर, म्हणून सीएनजी. टाकीनं डिकी जवळजवळ भरते हे मात्र घेताना ध्यानात ठेवा. रंग पांढराच, मे महिन्यात 43-44 ला गाडी उन्हात लावावी लागते तेव्हा त्याची किंमत कळते.

---

भवानी पेठ. टॉवेल-चादरीचा धंदा, गाडी ईको पाच सीटवाली. आधी वडिलांची ओम्नी होती, ती गाडी 2019 ला कंपनीनं बनवायचीच बंद केली, मग ईको. कारण एकच, सरकतं दार. आमच्या बोळात दोन्हीकडं कट्टे, गाडी उभी केली की हातभर जागा उरते, तिथं दुसऱ्या गाडीचं दार उघडणारच नाही. मागच्या सीटच्या पाठीमागं जागा एवढी मोठी की गठ्ठे आरामात बसतात, आठवडाभर माल, रविवारी तीच गाडी झटकून घरचे सगळे अक्कलकोटला स्वामींकडं. लोक म्हणतात तुला परवडतंय की आता, चांगली गाडी घे. अहो माझ्यासाठी हीच चांगली, हिनं घर उभं केलंय.

---

मोहोळकडं शेती हाय, बोलेरो. काळं रान, दोन पाऊस झाले की वाटेवर चिखल असा धरतो की चप्पल पायात राहत नाही. खालून उंच, ताकद मागच्या चाकाला, आणि गावातला मिस्त्री झाडाखाली बसून दुरुस्त करतो, हे महत्त्वाचं. डाळिंबाचे क्रेट, खताची पोती, शेजारची बाळंतीण, सगळं हिच्यातनंच नेलंय. बसायला गादीसारखी नाही, पण अडकून कधी पडलो नाही.

---

होटगी रोड. मी नेक्सॉन घेतली ती सुरक्षेचे स्टार बघून, आणि ते का ते लिहितो, कारण भावासाठी विचारताय. गळिताच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाल रिफ्लेक्टर पण नसतो. माझा मावसभाऊ अशाच एका उभ्या ट्रॉलीला मागून धडकून गेला. दिवाळीनंतरचे दिवस होते, लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्यानंतर मी गाडीचा रंग, स्क्रीन, सनरूफ काही बघितलं नाही, फक्त क्रॅश टेस्ट वाचत बसायचो. तेव्हा कळलं की मोठ्यांचे स्टार वेगळे आणि मुलांचे वेगळे. 2018 ला ग्लोबल एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून तपासणारी संस्था, तिच्या चाचणीत हिला मोठ्यांसाठी 5 मिळाले होते पण मुलांसाठी 3 च, जाहिरातीत सगळे 5 चंच बोलायचे. माझी पोरगी मागं बसते, मी थांबलो. 2024 ला नवीन मॉडेलला दोन्हीत 5 आले, मग बुक केली. तरी सांगतो, स्टार किती पण असू देत, मागं बसणाऱ्यानं बेल्ट लावला नाही तर उपयोग नाही, आणि हंगामात अंधार पडल्यावर शक्यतो निघूच नका.

---

विजापूर रोड, टियागो ईव्ही. घरावर सोलर आहे, ऊन तर आपल्याकडं पोत्यानं. रोज गाव ते एमआयडीसी, रात्री 15 अँपियरच्या प्लगला लावून झोपतो. पुण्याला 250 किलोमीटर, मध्ये एकदा चार्जिंगला थांबावंच लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवायचा.

---

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, क्लच दाबता येत नाही. ऑटोमॅटिक गाड्या होत्या पण आमच्या खिशाच्या बाहेरच्या. 2014 ला सेलेरिओ एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली, आली, आणि मी पेपरमधली ती जाहिरात कापून ठेवली होती. गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं, म्हणून किंमत फार वाढत नाही आणि मायलेज पण पडत नाही. गिअर बदलताना जरा हिसका बसतो, त्या क्षणी ॲक्सिलरेटर थोडा सोडला की नीट बदलतो, हे मला चालवून चालवून कळलं. शिकवायला आधी कोणी तयार होईना. शेवटी बाबांनीच पहाटे पाचला बाळे पुलाच्या पलीकडं मोकळ्यावर नेऊन शिकवलं, दोन महिने, रोज. पहिल्यांदा सात रस्त्याला एकटीनं गाडी काढली तेव्हा मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मी रडत होते, पण गाडी बंद पडू दिली नाही. आता बाबांचं वय 78, दर सोमवारी डायलिसिस असतं. मी नेते. ते पुढं बसतात, आणि अजून प्रत्येक सिग्नलला मला हळूच सांगतात, सावकाश, घाई नाही.