आठवडाभर उभी राहिली की मारुती ८०० ची बॅटरी बसते. करंट पितंय कोण?

भोसरीकर:
भोसरीत आमची छोटी कंपनी आहे, दुधाच्या टेम्पोंना ट्रॅकर बनवून देतो. रविवार मात्र वडिलांच्या १९९७ च्या मारुती ८०० चा. कार्ब्युरेटर मीच खोलतो, वायरिंगही मीच बघतो. तिच्यात आमचाच ट्रॅकर बसवलाय: डोकं म्हणून ईएसपी३२ चिप, निओ-६एम जीपीएस, मोबाईल नेटवर्कसाठी सिम८००एल, १२ चे ५ व्होल्ट करायला एलएम२५९६ कन्व्हर्टर. कामासाठी आठवडाभर बंगळूरला गेलो की आल्यावर स्टार्टर नुसता टक् करतो. बॅटरी ३५ एएच (अँपिअर-तास), चार महिन्यांपूर्वीची. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देतोय. ट्रॅकरवर संशय घेऊ नका. गाडी बंद झाली की तासाला एकदा उठून जागा कळवतो, बाकी वेळ ईएसपी डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, १० मायक्रोअँपवर. टेम्पोंत दीड वर्ष हेच युनिट आहे, एक तक्रार नाही.

वायरमन_नाना:
अहो, आधी मोजा, मग कुणाला सोडायचं ते ठरवा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मीटर १० अँपच्या सॉकेटवर घेऊन मध्ये सिरीजमध्ये जोडा. दारं बंद, नाहीतर आतला दिवाच मोजत बसाल. मीटर लावलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जातो (माझे दोन गेलेत). मग गाडीचे फ्यूज एकेक करून उपटा. तुमच्या ८०० मध्ये इंजिनचा कॉम्प्युटर, ईसीयू-बिसीयू काही नाही. दहाच्या वर मिलिअँप दिसले तर चोर घरातच आहे.

सोल्डरची_वाफ:
१० मायक्रो नुसत्या चिपचे. डेव्हलपमेंट बोर्ड असेल तर त्यावरचा एएमएस१११७ (व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर) एकटाच ५ मिलिअँप खातो, एलईडी वेगळा. एलएम२५९६ लोड नसतानाही तेवढेच. आणि जीपीएसला झोपवतं कोण? तो ४५ मिलिअँप घेऊन रात्रभर उपग्रह मोजत बसतो. टेम्पो रोज पहाटे निघतात, अल्टरनेटर रोज भरून काढतो. तक्रार येणार कुठून?

भोसरीकर:
मोजलं. १३० मिलिअँप! म्हणजे आठवड्यात जवळजवळ २२ एएच. ट्रॅकर काढला, ८० वर आलं. वाफसाहेब, तुमचे ५० मान्य. नाना, स्टिरिओचा फ्यूज उपटला आणि मीटर ५ वर. डॅशमागे हात घातला तर स्टिरिओची लाल (चावीवरची) आणि पिवळी (थेट बॅटरीची) वायर एकत्र पिळलेली, वरच्या काळ्या टेपचा चिकट लगदा झालेला. चावी न लावता गाणी वाजावीत म्हणून केलेला जुगाड. कुठल्या मेकॅनिकने केलं म्हणून शिव्या घालणार, तेवढ्यात आठवलं: २००२, कॉलेज, मीच.

लाल वायर एसीसीवर, म्हणजे चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या लाइनवर घेतली. जीपीएसचा सप्लाय पी-चॅनल मॉस्फेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विच) नेला, म्हणजे झोपताना तो बंद करता येतो; त्याची आठवण जपणारी बॅकअप पिन मात्र चालू ठेवली, नाहीतर दर तासाला फिक्स लागायला, म्हणजे जागा सापडायला, अर्धा मिनिट जातो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एलएम२५९६ च्या जागी कमी करंट खाणारा कन्व्हर्टर आणला. आता अख्खी गाडी ९ मिलिअँपवर.

आज टेम्पोवाल्यांना एकेक करून फोन लावले. एक जण दर मे महिन्यात पंधरा दिवस कोकणात जातो, आल्यावर धक्का मारूनच टेम्पो चालू करतो. त्याला वाटायचं, बॅटरी जुनी झाली.