पिशवीतली बिअर गढूळच होते म्हणे!

धरमपेठकर : काल इथे एकाने ठासून लिहिलं, "पिशवीत माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) भिजवला की वर्ट (माल्टचं गोड पाणी) गढूळ, आणि गढूळ वर्टाची बिअर कधीच नितळ होत नाही. पिशवी फेका, जाळीचं भांडं घ्या." वाचून डोकं फिरलं. नवीन पोरांचा नाहक खर्च कशाला वाढवता?

पिशवीतून पीठ उतरतं, मान्य. पण नितळपणा तिथे ठरत नाही. पिशवीतला माल्ट पाण्यात ६५ ते ६७ अंशांवर तासभर ठेवा. मग बशीत चमचाभर वर्ट घेऊन त्यावर आयोडीन टाका. काळंनिळं झालं तर स्टार्च उरलाय, आणि त्याचा धूसरपणा नंतर थंडीतही खाली बसत नाही. स्टार्च संपला असेल तर खळखळून उकळी, शेवटच्या १० मिनिटांत आयरिश मॉस (गाळ खाली बसवणारं समुद्री शेवाळ) आणि लगेच गार करणं. प्रथिनांच्या गुठळ्या तळाशी बसतात, वरचं नितळ काढून घ्यायचं.

गांधीबागवाला : पिशवी पिळता की नाही, ते सोयीस्कर गाळलंत. पिळली की सालीतलं तुरट टॅनिन उतरतं.

धरमपेठकर : टॅनिन पिळण्याने उतरत नाही. पीएच ६ च्या वर आणि तापमान ७७ च्या वर गेलं की उतरतं. बोअरचं जड पाणी तसंच वापरून पीएच चढवता, त्याचं काय?

मानेवाडा_बोअरवेल : लगेच गार करा म्हणे! काहून राजेहो, मे महिन्यात टाकीचं पाणीच हाताला चटका देते. ते वर्टात बुडवलेल्या तांब्याच्या कॉइलमधून फिरवून काय होते? थर्मामीटर ५० वरच अडून बसते.

इतवारीवाली : ५० पर्यंत टाकीचं पाणी फिरवा, पुढे कूलरचं. कोरड्या उन्हात ते पाणी हवेपेक्षा कितीतरी गार असतं, पंपही तयार असतो. मी तसंच करते.

मानेवाडा_बोअरवेल : कूलरच्या टाकीत शेवाळ असते ताई! ते बिअरमध्ये घालता?

इतवारीवाली : पाणी कॉइलच्या आतून जातं हो, वर्टाला शिवतही नाही. न वाचता ओरडू नका.

मानेवाडा_बोअरवेल : आन जुलैत? दमट हवेत कूलर कोणाला गार करते?

इतवारीवाली : जुलैत बादलीत बर्फ. कूलर उन्हाळ्यापुरताच, एवढं तुमचं खरं.

सदरवाला : विनापरवाना घरी बिअर काढणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा वाचा आधी.

धरमपेठकर : त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

गांधीबागवाला : टॅनिनचं मागे घेतो, पण पिठाचा मुद्दा उरतोच. आपल्याकडची बार्ली बहुतेक सहा-ओळी (कणसात दाण्यांच्या सहा ओळी), प्रथिनं मुळातच जास्त. त्यात लोक माल्ट मिक्सरला लावतात आणि पिशवीला दोष देतात. चक्कीवाला तर जाडसर सांगूनही पार कणीक करून देतो! दाणा फुटावा, पण साल अख्खी राहावी, इतकं साधं काम कोणी नीट करत नाही.

धरमपेठकर : म्हणजे दोष दळणाचा, पिशवीचा नाही. हेच तर म्हणतोय मी!

गांधीबागवाला : अर्धंच म्हणालात. दळणाचा शब्द तुमच्या पोस्टमध्ये कुठे आहे?

मानेवाडा_बोअरवेल : ताई, कूलरच्या पंपाला कॉइलची नळी कशी बसवता? माझी निसटते.