१८३७ चा उठाव: भाषेपलीकडचा जमिनीचा प्रश्न

लोअर कॅनडा या ब्रिटिश वसाहतीतील (आजच्या क्वेबेकचा दक्षिण भाग) ब्रिटिश सत्तेविरुद्धचा १८३७ चा उठाव हा मुळात फ्रेंच आणि इंग्रज भाषकांचा झगडा होता, असे एक मत मांडले जाते. भाषेचा मुद्दा होताच. मात्र २३ नोव्हेंबर १८३७ रोजी सेंट-डेनिस येथे सरकारी फौजेला माघार घ्यायला लावणाऱ्या बंडखोरांचे नेतृत्व वुल्फ्रेड नेल्सन या इंग्रजी भाषक डॉक्टरांकडे होते, हे विसरून चालणार नाही.

मला जमिनीचा प्रश्न अधिक मूलगामी वाटतो. तेथील कुळाला जमीनदाराला वार्षिक खंड तर द्यावा लागेच, शिवाय दळण त्याच्याच गिरणीत नेऊन धान्याचा चौदावा हिस्सा तेथे ठेवावा लागे, आणि जमीन विकली गेली की किमतीचा बारावा हिस्सा पुन्हा जमीनदाराच्या पदरात पडे. त्यातच १८३० च्या दशकात गव्हाची पिके वारंवार बुडाली. चळवळीचे सर्वोच्च नेते लुई-जोसेफ पापिनो मात्र स्वतः जमीनदार होते आणि ही पद्धत मोडण्यास त्यांचा विरोध होता. उलट वुल्फ्रेड यांचे बंधू रॉबर्ट नेल्सन यांनी फेब्रुवारी १८३८ मध्ये काढलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जमीनदारी रद्द करण्याची आणि मूळनिवासींना समान हक्क देण्याची घोषणा होती. चळवळीतील ही अंतर्गत फूट मला अतिशय महत्त्वाची वाटते, कारण उठाव चिरडला गेल्यावर १८५४ मध्ये जमीनदारी कायद्याने संपली तरी जमीनदारांना भरपाई मिळाली, आणि अनेक शेतकरी कुटुंबे विसाव्या शतकापर्यंत वार्षिक खंड भरतच राहिली.