शाळेत पाऊल टाकण्याआधी पोलीस पडताळणी: सक्ती हवी की नको?

खडू-डस्टर
मी एका अनुदानित शाळेत लिपिक आहे, बावीस वर्षं झाली. मागच्या आठवड्यात एजन्सीने साफसफाईला नवा माणूस पाठवला. हातात आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो, बास. चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला तर सुपरवायझर म्हणतो, "अर्ज टाकलाय मॅडम, येईल पंधरा दिवसांत. तोवर झाडलोट कोण करणार?" आणि आमच्या सरांनी माझ्याच टेबलाच्या खणातला किल्ल्यांचा जुडगा काढून त्याला दिला. त्यात मुलींच्या स्वच्छतागृहाचीही किल्ली. त्या दिवसापासून मला धड झोप नाही.

बदलापूर आपण विसरलो का? ऑगस्ट २०२४. शाळेतच दोन चिमुरड्या मुलींवर लैंगिक अत्याचार, आणि आरोपी १ ऑगस्टलाच कंत्राटावर लागलेला सफाई कामगार. २० तारखेला लोक रुळांवर उतरले, २१ला शासन निर्णय आला: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी. पण पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, २०२०च्या नियमांत हे आधीपासून आहे. शिक्षक असो की शिक्षकेतर, कायम असो की कंत्राटी, मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी, तीही ठरावीक काळाने पुन्हा. माझं म्हणणं एवढंच, की दाखला हातात आल्याशिवाय माणूस फाटकाच्या आत नको.

पालावरचा मास्तर
ताई, तुमची तळमळ कळते, तरी माझा विरोध आहे. मी पारधी वस्तीवर शिकवतो. १८७१च्या कायद्याने या लोकांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ला तो कायदा गेला, पण ठाण्यातली नजर गेली नाही. आमचा एक पोरगा, बारावी पास, त्याला वसतिगृहात स्वयंपाक्याचं काम मिळत होतं. हवालदाराने फॉर्मवरचं आडनाव वाचलं आणि पहिला प्रश्न टाकला, "बाप कुठल्या केसमध्ये आत होता?" पोरावर एक गुन्हा नाही. अर्ज तीन महिने पडून राहिला, जागा दुसऱ्याला गेली. तुमच्या "दाखल्याशिवाय आत नको"चा अर्थ आमच्याकडे "तुम्ही आत नकोच" असा होतो.

आणि २०१७चं गुरुग्राम आठवा. शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला आणि लगेच पकडलं कुणाला, तर बसच्या कंडक्टरला. पुढे सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं आणि कंडक्टर आरोपमुक्त झाला. संशय पहिल्यांदा गरिबाच्याच दारात जातो.

दोन लेकींची आई
मास्तर, त्या पोरावर अन्याय झाला, मान्य. पण त्यासाठी हवालदाराला जाब विचारा, दाखला मुदतीत मिळेल असं बघा. माझ्या साडेचार वर्षांच्या लेकीने त्याची किंमत का मोजायची? तिला अजून "तिथे हात लावला" एवढंही नीट सांगता येत नाही. मी धागाकर्तीच्या बाजूने, शंभर टक्के. व्हॅनवाल्यांनाही हाच नियम लावा.

लेस्टरकर
इथे ब्रिटनमध्ये २००२ साली सोहम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी गावातल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. त्याची तपासणी झालीच नव्हती असं नाही! त्याने दोन आडनावं लावली होती आणि पोलिसांनी त्यातल्या एकाच आडनावाने नोंदी पाहिल्या. दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध आधीच्या तक्रारी होत्या, त्या शाळेपर्यंत पोचल्याच नाहीत. २००४च्या चौकशी अहवालानंतर सगळी पद्धत बदलली. आता मला मुलाच्या शाळेत आठवड्यातून एकदा वाचन घ्यायला जायचं तरी आधी तपासणी करावी लागली. मला त्यात अपमान वाटला नाही. मात्र इथे जुना किरकोळ गुन्हा निघाला म्हणून दार आपोआप बंद होत नाही, तो गुन्हा काय होता ते शाळा बघते. मास्तरांच्या मुद्द्याला उत्तर तिथे आहे असं वाटतं.

निवृत्त हेडमास्तर
अहो, पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्याचा दाखला कोराच असतो. मी कोऱ्या दाखल्याचा एक शिक्षक पाहिला आहे. दोन मुलींनी तक्रार केली, आणि संस्थाचालकांनी प्रकरण "घरातल्या घरात" मिटवलं. पोक्सोच्या कलम १९प्रमाणे कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, न सांगणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा मी उपमुख्याध्यापक होतो, हा कायदा आला नव्हता, आणि मी गप्प बसलो. ते आजही छातीवर आहे. तो शिक्षक दुसऱ्या गावच्या शाळेत लागला, दाखला कोराच घेऊन. म्हणून सांगतो, लहान मुलींच्या स्वच्छतागृहाकडे बाईच हवी. पडताळणी करा, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

खडू-डस्टर
सर, तुम्ही हे लिहिलंत, आभार. मास्तर, तुमचा मुद्दा मी काल आमच्या बैठकीत मांडला. नोंद शिक्षेची बघायची, आडनावाची नाही, आणि अर्ज रखडला तर शाळेने ठाण्याला लेखी विचारायचं, असं ठरावात घातलंय.

पालावरचा मास्तर
ठराव चांगला आहे, ताई. पण ठाण्यातला माणूस तुमचा ठराव वाचत नाही. माझा विरोध कायम.

खडू-डस्टर
कळतंय. किल्ल्या मात्र आज परत खणात आल्या. मुलींकडचं काम आता आमच्या मावशी बघतात. १९९८पासून आहेत. त्यांचाही अर्ज मीच भरला, आजवर तो कुणी मागितलाच नव्हता.