मदत हवी आहे : हिवाळ्यात गाडी अडीच महिने उघड्यावर ठेवायची आहे

नमस्कार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून अडीच महिने आम्ही दोघे मुलीकडे पुण्याला राहणार आहोत. घराला गॅरेज तर सोडाच, साधी शेडही नसल्यामुळे आमची पेट्रोलची गाडी नागपुरातच, अंगणातील कडुनिंबाखाली उघड्यावर उभी राहील.

आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरे. परंतु रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि पहाटे काचेवरून दव ओघळत असते. गेल्या वर्षी मी प्लॅस्टिकचे आच्छादन घट्ट बांधून गेलो आणि परतलो तेव्हा टपावर ओलीचे पांढरट डाग पडले होते, बॅटरी पूर्ण उतरली होती आणि बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडून, माझ्याच पुसायच्या फडक्याच्या चिंध्यांचे घरटे केले होते.

यंदा हवा खेळती राहील असे कापडी आच्छादन घेतले आहे. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरून, ब्रेक चिकटू नयेत म्हणून हँडब्रेक न ओढता, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावणार आहे.

अडचण बॅटरीची आहे. शेजारचे काका दर रविवारी गाडी सुरू करण्यास तयार आहेत. पण जागेवरच दहा मिनिटे इंजिन चालवून बॅटरी पुरेशी भरते का, की तिचे ऋण टोक सोडवून ठेवणेच बरे? शिवाय २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल ओलावा शोषून घेते, तेव्हा टाकी काठोकाठ भरून ठेवावी का? उंदरांसाठी तंबाखूची पाने ठेवण्याचा उपाय कोणी प्रत्यक्ष करून पाहिला असल्यास कृपया अनुभव सांगावा.