प्रतिसाद : खून आहे, पण रक्त नाही

‘खून असूनही कोझी मिस्टरी, म्हणजे छोट्या गावातल्या घरगुती रहस्यकथा, इतक्या उबदार कशा?’ असा प्रश्न इथे कोणीतरी विचारलाय. अहो, खून पडद्याआड उरकतो. खरी मजा गावात कोणाचं कोणाशी वाकडं आहे ते कळण्यात! अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल, गावातली म्हातारी हौशी गुप्तहेर, १९३० सालच्या पहिल्या कादंबरीपासून हेच करते. हातात विणकाम, कान शेजारच्या गप्पांकडे.

अशा गोष्टीसाठी आपल्या जळगावकडची हिवाळ्यातली भरीत पार्टी घ्या. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताहेत, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी थापल्या जाताहेत. कोण कोणाच्या शेजारी बसायचं टाळतोय हे वाढणाऱ्या जिजीला बरोबर ठाऊक. (पोलीस पाटील जेवण्यात गुंग!)

फक्त खुनी शेवटच्या पानावर बाहेरून आणू नका. तो आधीपासून पंगतीतच हवा, नाहीतर वाचकाची शुद्ध फसवणूक.