मुलीला पुन्हा पुन्हा बारीक पांढरे जंत – गोळी देऊनही का?

प्रश्न:
मुलगी सहा वर्षांची आहे. झोपल्यावर तासा-दोन तासांत शीच्या जागी खाज सुटते, तिथे दोऱ्यासारखे हलणारे जंत दिसतात. शी तपासली, रिपोर्ट नॉर्मल. अल्बेंडाझोल ४०० ची एक गोळी दिल्यावर थांबलं, महिन्याभराने परत तेच. गोड बंद केलंय. घरातल्या मांजरीमुळे होत असेल का?

प्रतिसाद १:
हे सूतकृमी. मांजरीचा काही संबंध नाही, हे माणसाकडून माणसालाच होतात. गोडाचाही नाही.

मादी साधारण १ सेंमी लांब. रात्री बाहेर येऊन कातडीवर हजारो अंडी घालते, खाज त्याचीच. अंडी शीमध्ये फारशी नसतात, म्हणून रिपोर्ट कोरा येतो. खात्री करायची तर सकाळी उठल्या उठल्या, शी-आंघोळीच्या आधी, पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू त्या जागी दाबून काचपट्टीवर चिकटवा आणि लॅबमध्ये द्या. असं तीन दिवस. तुम्हाला जंत डोळ्यांनी दिसलेत, तेव्हा याची गरज नाही.

गोळीने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. पोटात गेलेल्या अंड्यापासून अंडी घालणारी मादी तयार व्हायला साधारण महिना लागतो. तुमचा महिना तिथेच जुळतो. म्हणून दुसरा डोस बरोबर दोन आठवड्यांनी. मधल्या काळातले जंत अंडी घालायच्या आत सापडतात.

प्रतिसाद २:
आणि प्रत्येक डोस घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचा, खाज नसली तरी. एकट्या मुलीला दिलात तर ती पुन्हा घरातूनच घेणार. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शाळेत जंतनाशक दिनाला मिळते ती गोळीही अल्बेंडाझोलच, पण ती मातीतून होणाऱ्या जंतांसाठी आखलेली आहे. सूतकृमीला तो एक डोस पुरत नाही.

प्रतिसाद ३:
लोक गोळीवर थांबतात आणि फसतात. अंडी काही तासांतच लागण करण्याजोगी होतात, दमट खोलीत दोन-तीन आठवडे टिकतात. घट्ट चड्डी घालून झोपवा. सकाळी अंग वरून पाणी ओतून धुवा, टबात बसवू नका. चड्डी रोज बदला. गोळीच्या दुसऱ्या दिवशी चादरी, अभ्रे, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. चादर झटकू मात्र नका, अंडी खोलीभर उडतात. नखं मुळापासून कापा. खाजवलेलं बोट तोंडात, हाच मुख्य रस्ता. सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नका, साबणानेच हात धुवा.

प्रश्नकर्ती:
सासूबाई वावडिंग द्या म्हणतात.

प्रतिसाद १:
गोळीऐवजी नको. मुलीला लघवीच्या जागी खाज किंवा पांढरं जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, मुलींमध्ये जंत पुढेही सरकतात. दोन्ही डोस आणि धुणं नीट होऊनही परत आलं, तर शाळेतल्या किंवा शेजारच्या खेळगड्यांच्या घरी विचारा.